दोनशे मीटर खाली

संभाअण्णांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती उंचीवर हाय?" मुलाला नोकरी लागली म्हणून पेढे द्यायला जा, काकांना दवाखान्यात हलवलं म्हणून सांगायला जा, आधी त्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते, मग आनंद किंवा दुःख. आमचे शेजारी तिरुपतीहून आले तेव्हा अण्णांनी प्रसादाचा लाडू तोंडात टाकला आणि विचारलं, "खाली किती होतं, वर किती होतं?" शेजाऱ्यांना वाटलं, दर्शनाच्या गर्दीबद्दल विचारतायत. "वर लई, खाली कायबी न्हाई," ते म्हणाले. अण्णा लाडू चावायचे थांबले. पुढचा अर्धा तास त्यांनी शेजाऱ्यांची अशी उलटतपासणी घेतली की पुढच्या वर्षी त्या माणसानं प्रसाद मुलाच्या हातून पाठवला.

मला हा माणूस आवडत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पुढं मी त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहिलं, तर ते नाइलाजानं लिहिलंय असं समजा.

मी आमच्या गावच्या, कोहिनूरच्या, मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवतोय. घराच्या दारातून आत आलं की समोरच माझी बीएस्सीची पदवी काचेत लावलेली आहे. संभाअण्णा सातवी पास, पंचायतीचे वॉटरमन. रोज उजाडताना पाण्याच्या टाकीवर चढायचं, पाणी किती आहे ते बघायचं आणि खाली येऊन व्हॉल्व्ह सोडायचा, एवढं त्यांचं काम. पण गाव त्यांना म्हणतं डिगरीअण्णा. पदवी माझ्या भिंतीवर आणि नाव त्यांना, ही माझ्या आयुष्याची मांडणी आहे.

आणि याला कारण मीच. अकरा वर्षांपूर्वी अण्णांची मुलगी सुजाता माझ्या नववीच्या वर्गात होती. मी शिकवलं, उंचावर जाल तसं तापमान कमी होतं, दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "सर, आमचे अप्पा म्हणालेत, टाकीवर बघू या खरं हाय का." मी प्रयोगशाळेतला एक रेघा पुसट झालेला थर्मामीटर तिच्या हातावर ठेवला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर इतक्या कौतुकानं कुणी पाडून घेतला नसेल.

आता अण्णांचे पाच थर्मामीटर आहेत. एक जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक बाजेच्या उंचीला, एक घराच्या मातीच्या माळवदावर, एक टाकीच्या निम्म्या जिन्यावर आणि एक पार माथ्यावर. सगळे लाल रिबिनीनं बांधलेले, शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तसल्या. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "अण्णा, थर्मामीटरच्या वेण्या घातल्या का?" ते हसले नाहीत. "दोरी कुजती सर, रिबीन टिकती," एवढंच म्हणाले.

माझ्या घरातही त्यांचाच शब्द चालतो. थंडीत दही लागत नव्हतं. मी बायकोला सांगितलं की भांडं चुलीशेजारी खाली ठेव. तीन दिवस दुधाचं दूधच राहिलं. चौथ्या दिवशी ती नळावर अण्णांना विचारून आली. "वरच्या फळीवर ठिवा अक्का, ऊब वर जाऊन बसती." सकाळी दही असं लागलं होतं की भांडं उपडं केलं तरी पडलं नसतं. बायकोनं मला वाटीभर वाढलं आणि वरच्या फळीकडं बोट दाखवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

दही सोडा. माझा खरा अपमान वर्गात झाला. गेल्या हिवाळ्यात नववीला तोच पाठ शिकवत होतो. एक मुलगी उभी राहिली. "सर, सकाळच्याला टाकीवर गरम असतंय आन् खाली थंड असतंय. अण्णांनी दाखवलंय." मी म्हणालो, त्यांचा थर्मामीटर बिघडलाय. ती म्हणाली, "पाचीच्या पाची?" वर्ग हसला. मी सगळ्यांना पाठाखालचे प्रश्न दोनदा लिहायला लावले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पाठाच्या शेवटी एका चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. स्वच्छ आकाश, लांब रात्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची हवा तिच्यापेक्षा गरम राहते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ही चौकट परीक्षेला येत नाही, म्हणून तीस वर्षांत मी ती एकदाही शिकवली नव्हती. अण्णांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं. ते फक्त रोज टाकीवर चढत होते.

अण्णांनी त्याला स्वतःचं नाव ठेवलेलं आहे, झाकण. सकाळी चुलींचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरला की ते टाकीवरूनच ओरडतात, "आज झाकण हाय." मग ज्यांची तूर फुलात आहे ते फुलं गाळणाऱ्या धुक्याच्या, धुईच्या भीतीनं बांधावर काडीकचरा पेटवतात, कारण झाकणाखाली धूर रानातच बसतो. वारा असेल तर अण्णा सांगतात, "आज झाकण न्हाई, उगं काड्या जाळू नका." लोक ऐकतात. मी याच गावात तीस वर्षं आहे, पण माझ्या सांगण्यावरून कुणी एक काडी पेटवलेली नाही.

पण अण्णांची एक गोष्ट मी स्टाफरूममध्ये मन लावून सांगायचो. सुजाताला स्थळ आलं ते कलबुर्गीच्या पल्याड, भीमेकाठचं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, माणसं मायेची. सोयरिकीच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी अण्णांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? अण्णा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. घर चांगलं हाय. पण गाव आपल्यापरीस दोनशे मीटर खाली हाय." कुणाला काही समजेना. अण्णांनी हिशोब सांगितला, दोनशे मीटरला एक पूर्णांक तीन डिगरी. "माझी लेक जलमभर तेवढ्या जास्तीच्या उन्हात ऱ्हानार." लग्न झालंच, पण तेव्हापासून आमच्या गावात ती म्हणच झाली. कुणी स्थळात उगाच खोड काढायला लागला की लोक म्हणतात, सगळं चांगलं, पण दोनशे मीटर खाली. ही गोष्ट मी रंगवून सांगायचो आणि त्यातली आकडेमोड माझ्या वर्गातून गेलीय हे सोयीस्करपणे गाळायचो.

यंदाच्या थंडीत शाळेला एका योजनेतून हवामानाची पेटी मिळाली. पांढरी, झडपांची, चार पायांवर उभी. आत चकचकीत उपकरणं. रोज नोंद घ्यायची आणि जो नोंद घेईल त्याचं नाव पेटीवर रंगवायचं. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. शाळेच्या आवारात माझं नाव कुठंही नाही. एका बाकावर आहे, पण ते पोरांनी कर्कटकानं कोरलंय आणि त्याच्या पुढचा शब्द इथं लिहिता येणार नाही. मला ती पेटी हवी होती. इतकी की मी दोन दिवस स्वतःच्या फडक्यानं ती पुसली.

मुख्याध्यापक चव्हाणबाई म्हणाल्या, "सर, पेटी अण्णांकडं देऊ या. अकरा वर्षांच्या वह्या आहेत त्यांच्याकडं. सोमवारी योजनेचे साहेब येणार आहेत वह्या बघायला." मी म्हणालो, सरकारी काम आहे, वह्या आधी कुणीतरी तपासून घ्याव्यात. बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोण तपासणार?" हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो आणि ते असल्या कामासाठी माझ्या वाट्याला आलं.

वह्या घेऊन शनिवारी दुपारी बसलो. खरं सांगतो, चुका शोधायलाच बसलो होतो. अक्षर तिरकं होतं, पण नोंद एक दिवस चुकलेली नव्हती. स्वतःच्या बायकोच्या मयतीच्या दिवशीही पाच आकडे होते, फक्त पेन वेगळं होतं. पाच रकाने पाच थर्मामीटरचे. सहा वर्षांपूर्वीपासून इथला दुपारी दोनचा आकडाही समासात होता आणि त्याच्याशेजारी सहावा रकाना सुरू झाला होता. वर लिहिलं होतं, 'खालचं, दुपारी दोन'. सुजाताच्या गावचं तापमान असणार, हे मी लगेच ओळखलं. त्यात चौतीस, एकतीस, मधेच साडेअठ्ठावीस, पुढं 'पाऊस' असं सगळं वेडंवाकडं होतं. खरं हवामान असंच असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यानंतर मात्र तो रकाना एकदम शहाणा झाला होता. इथं तीस, तर तिथं एकतीस पॉइंट तीन. इथं सत्तावीस, तर तिथं अठ्ठावीस पॉइंट तीन. रोज, न चुकता, एक पूर्णांक तीनचा फरक. ज्या थर्मामीटरला अर्ध्या डिग्रीच्या पुढं काही दिसत नाही, त्यावर पॉइंट तीन कुणी वाचलं? अण्णांच्या अकरा वर्षांच्या वह्यांत माझ्या पुस्तकाशी तंतोतंत जुळणारा हा एकच रकाना होता आणि तोच खोटा होता.

मला इतका आनंद झाला की मी बायकोला चहा करून दिला.

रविवारी उजाडताना वही काखेत मारून मी टाकीकडं गेलो. अण्णा वर होते. खाली बोलावता आलं असतं, पण मला त्यांना त्यांच्या जागेवर गाठायचं होतं. स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून मी चढायला लागलो. निम्म्या जिन्यावर गुडघ्यांनी नकार दिला. माथ्यावर पोचेपर्यंत मफलर सोडला होता. दम लागून गरम होतंय असं मी स्वतःला सांगितलं. मग दम खाऊन झाला, तरी तिथं खालच्यापेक्षा ऊब होती. समोर गावावर धुराचा थर आडवा पसरलेला आणि आम्ही त्याच्या वर. तीस वर्षं मी जे शिकवलं नाही ते डोळ्यांसमोर होतं आणि ते दाखवणारे होते संभाअण्णा.

"सर? तुमी कामून चढलाव? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की."

मी वही उघडून सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "अण्णा, थर्मामीटरला पॉइंट तीन दिसत नाही."

अण्णांनी वहीकडं पाहिलं आणि मग लांब दक्षिणेकडं पाहिलं. "वळखलाव का," ते म्हणाले. "तुमी वळखणारच म्हणा."

त्यांनी रिबिनीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"आदी ती रोज सांगायची. मी दोनला फोन लावायचो. 'किती हाय?' 'चौतीस.' 'बरं.' झालं. बापाला लेकीसंगं दुसरं काय बोलता येतंय सर? पण तेवढ्यात सगळं कळायचं बगा. चौतीस कसं म्हणली, त्याच्यावरनं. सुखात हाय का न्हाई, जेवली का न्हाई, सगळं."

"मग?"

"मंग बारसं झालं नातीचं. मे म्हैना, पत्र्याची खोली. मी पाळण्यापाशी थर्मामीटर लावला. बेचाळीस. माझं डोस्कंच फिरलं. सगळ्या पाव्हण्यांम्होरं म्हणलो, हे घर न्हाई, भट्टी हाय, लेकीला आन् नातीला मी वर घेऊन जातो. इहीणबाई रडाय लागल्या. पोरगी मला बाजूला घेऊन म्हणली, अप्पा, आता तुमी फोन करू नका."

"म्हणून दोन वर्षं केला नाही?"

"करू नका म्हणली की ती." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू पंचायतीचा ठराव आहे. "रकाना मोकळा ऱ्हायला लागला. मोकळा रकाना बघवंना सर. तुमचा हिशोब होताच, शंभर मीटरला पॉइंट पासष्ट. सुजीनंच शिकवलता मला, तुमच्याकडनं येऊन. मंग तेवढं लिव्हत गेलो. खोटं हाय, मला म्हाईत हाय. उद्या सायबाला तसं सांगा. पेटी तुमी घ्या, तुमचा हक्क हाय. पण आकडे गिचमिड खोडू नका. वरनं नुस्ती एक रेघ मारा."

मी जिंकलो होतो. पेटी माझी होती, नाव माझं लागणार होतं आणि त्यासाठी मला फक्त खरं बोलायचं होतं. वही त्यांच्या हातात देऊन जिना उतरताना एकेका पायरीला मला अण्णांचा राग येत होता. धड हरताही येत नाही या माणसाला. आणि मला दोन वर्षांचे ते सगळे आकडे दिसत होते, एकाही दिवशी न चुकलेले. माझ्यासाठी कुणी एवढं खोटं लिहिलेलं नाही.

सुजाताचा नंबर माझ्याकडं होता. तिच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटात मीही आहे, रोज सकाळी फुलं येतात. दुपारी दोन वाजता मी तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनं उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "सुजाता, जाधव सर बोलतोय. तिकडं किती आहे?"

पलीकडं लहान मूल काहीतरी आपटत होतं.

"अप्पानी विचारायला लावलं का सर?"

"नाही. मीच विचारतोय."

"थांबा." चपलांचा आवाज आला, दार करकरलं. "तीस. न्हाई, एकोणतीस आन् अर्धा. आज ढग हायत इकडं." मग विचारलं, "अप्पानी किती लिव्हलं असंल?"

तिला माहीत होतं, बाप रकाना मोकळा ठेवणार नाही. इथं तीस होतं, पेटीत बघून आलो होतो. मी म्हणालो, "एकतीस पॉइंट तीन."

ती हसली, मग नाक ओढलं. "तुमचाच हिशोब, सर." आणि मग घाईघाईनं म्हणाली, "त्यांना सांगा, पत्र्यावर आमी कडबा टाकलाय. सासूबाईंनीच टाकायला लावला, त्याच म्हैन्यात. आता चार डिगरी कमी ऱ्हातंय आत. मी मोजलंय." पुढं आवाज बारीक झाला. "संध्याकाळी मी फोन केला तर काय म्हणतील ते?"

"किती आहे ते विचारतील," मी म्हणालो.

अण्णा घराच्या ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसले होते. सहाव्या रकान्यात एकतीस पॉइंट तीन लिहून झालेलं होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "साडेएकोणतीस. ढग आहेत."

त्यांनी वहीवरून मान वर केली. "कोण म्हणलं?"

"तिनंच. थर्मामीटर बघून सांगितलं. पत्र्यावर कडबा टाकलाय त्यांनी, आत चार डिग्री कमी असतं. विहीणबाईंनी टाकायला लावला. संध्याकाळी ती फोन करणार आहे."

"साडेएकोणतीस?" अण्णा म्हणाले. "आपल्यापरीस कमी? दोनशे मीटर खाली असून?" त्यांनी पट्टी घेतली नाही, हातानंच एकतीस पॉइंट तीनवर रेघ मारली. बाजूला साडेएकोणतीस लिहिलं, पुढं 'ढग' लिहिलं. मग वही डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "माझं चुकलं की सर. लई चुकलं." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तिथं थांबवेना. तीस वर्षं मी लाल पेनानं पोरांच्या चुका काढल्यात, स्वतःची चूक बघून एवढं सुखावलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी साहेबांसमोर मी तपासणीचा शेरा लिहिला. 'पाच रकाने बरोबर. सहावा घरगुती.' साहेबांनी विचारलं, घरगुती म्हणजे काय? मी सांगितलं, त्याचा हवामानाशी संबंध नाही. पेटीवर आता संभाअण्णांचं नाव आहे, निळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत. रंगाऱ्याला अक्षरं मीच काढून दिली. जरा लहान काढायला हवी होती.

आता रोज दुपारी दोन वाजता अण्णांच्या ओट्यावरून आवाज येतो. "किती?" मग, "बरं." एवढंच. मधल्या सुट्टीत घरी येऊन मी तेव्हा मुद्दाम आमच्या अंगणात असतो, त्यांच्या ओट्यासमोर. त्या एका शब्दात काय काय कळतं याचा अंदाज घेतो, पण मला अजून काही ऐकू येत नाही.

माझा मुलगा पुण्यात असतो. दर रविवारी फोन करतो, नियमानं, बीपीची गोळी घेतली का विचारतो. गेल्या रविवारी त्याचं विचारून झाल्यावर मी म्हणालो, "तिकडं किती आहे रे?"

तो म्हणाला, "काय किती, बाबा?"